इंग्लंडने ज्याला कैदेत टाकलं, त्याच्याच लाल गुलाबाला पुढे इंग्लंडने गोल्ड मेडल दिलं

व्हॅलेंटाईन डेला तुम्ही जो लाल गुलाब देता, त्याचा वास कधी घेऊन बघितलाय?

बहुतेक वेळा वासच येत नाही. फूल दिसायला एकदम कडक असतं. लांब सरळ देठ, टोकदार कळी, आठवडाभर टिकण्याची हमी. पण नाकाजवळ नेलं तर काहीच नाही. तेच एखाद्या जुन्या बंगल्याच्या अंगणात गडद किरमिजी रंगाचा, मखमलीसारखा गुलाब फुललेला असतो आणि त्याचा वास थेट फाटकापर्यंत येतो. फरक एवढाच की त्याची मान थोडी खाली झुकलेली असते आणि पानांवर कुठेतरी पांढरी भुकटी दिसते.

मग चांगला गुलाब कुठला म्हणायचा? दिसणारा, वास येणारा की टिकणारा?

हा प्रश्न एका जर्मन माणसाला आयुष्यभर पुरला. त्याने जगातला सगळ्यात गाजलेला किरमिजी गुलाब तयार केला, त्या गुलाबातले दोष जगाला दिसले आणि पुढची कित्येक वर्षं तो दणकट, निरोगी गुलाबाच्या मागे लागला. त्याचं नाव विल्हेम कॉर्डेस.

तर सुरुवात होते उत्तर जर्मनीत.

हॅम्बुर्ग शहरापासून जवळच एल्म्सहॉर्न नावाचं गाव आहे. 1887 साली इथे विल्हेम कॉर्डेस नावाच्या एका माळ्याने नर्सरी सुरू केली. 1891 साली त्याला मुलगा झाला आणि मुलाचं नावही विल्हेमच ठेवलं गेलं. म्हणून गुलाबाच्या पुस्तकांत बापाला पहिला आणि मुलाला दुसरा विल्हेम म्हणतात. आपली गोष्ट या दुसऱ्या विल्हेमची आहे.

घरातच नर्सरी असल्यामुळे पोरगा मातीत वाढला. त्या काळी युरोपात माळीकाम शिकायचं तर वेगवेगळ्या नर्सऱ्यांत जाऊन काम करायची पद्धत होती. गुलाबाच्या बाबतीत तेव्हा इंग्लंडचा मोठा दबदबा होता. फुलांची प्रदर्शनं भरायची आणि गुलाबाला मेडल मिळालं की त्याची रोपं धडाधड खपायची. कॉर्डेसही इंग्लंडला गेला. मॅक्स क्राउझ नावाच्या जर्मन मित्राबरोबर त्याने लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात स्वतःची नर्सरी टाकली.

विशीतला पोरगा, परदेशात स्वतःचा धंदा. सगळं जमून येत होतं.

आणि 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं.

इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू झाले. इंग्लंडमध्ये राहणारा प्रत्येक जर्मन पुरुष संशयित ठरला, मग तो हेर असो नाहीतर माळी. अशा हजारो लोकांना पकडून छावण्यांत टाकण्यात आलं. सगळ्यात मोठी व्यवस्था होती इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात असलेल्या आयल ऑफ मॅन या बेटावर. तारेचं कुंपण, लाकडी बराकी, आणि करायला काहीच काम नाही. कॉर्डेस तिथे पोहोचला तेव्हा तो 23 वर्षांचा होता. सुटका झाली तेव्हा 1919 साल उजाडलं होतं.

ज्या वयात माणूस धंदा उभा करतो, ती वर्षं तारेच्या आत गेली.

छावण्यांतली माणसं वेळ घालवण्यासाठी नाना गोष्टी करायची. कुणी नाटकं बसवायची, कुणी लाकडी खेळणी बनवायची. कॉर्डेसने गुलाबाचा अभ्यास केला. कुठल्या गुलाबाचा कुठल्या गुलाबाशी संकर झाला, त्यातून काय निघालं, कुठला गुण पुढच्या पिढीत उतरला आणि कुठला गळाला, याचा तो विचार करत राहिला.

आता हे महत्त्वाचं का, तर त्याआधीची कित्येक दशकं गुलाबाच्या नव्या जाती बऱ्याचदा नशिबावर निघायच्या. मधमाशीने कुठले परागकण कुठे नेले, याचा पत्ता नसायचा. माळी बी पेरायचा आणि काय उगवतं ते बघत बसायचा. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम 1900 साली पुन्हा उजेडात आले होते, पण ते नर्सरीपर्यंत पोहोचायचे होते. कॉर्डेस कैदेतून बाहेर पडला तो डोक्यात पक्का हिशोब घेऊन. आई-बाप निवडून लग्न लावायचं आणि प्रत्येकाची वंशावळ लिहून ठेवायची.

हायब्रीड टी म्हणजे नेमकं काय?

पुढची गोष्ट कळायला हे माहीत पाहिजे. याचा पिण्याच्या चहाच्या झाडाशी काही संबंध नाही. चीनमधून युरोपात आलेल्या नाजूक, वर्षात पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या गुलाबांना टी रोझ म्हणायचे. त्यांची कळी लांबट आणि देखणी, पण थंडी सहन व्हायची नाही. दुसऱ्या बाजूला युरोपातले दणकट, भरगच्च फुलांचे गुलाब होते. या दोन गटांच्या संकरातून जे आले ते हायब्रीड टी. फ्रान्समधल्या ल्याँ शहरातल्या गियो नावाच्या नर्सरीवाल्याने 1867 साली आणलेला ला फ्रान्स हा गुलाब या गटातला पहिला मानला जातो. एका देठावर एक मोठं फूल, उंच टोकदार कळी आणि वर्षात अनेकदा बहर. आज आपण गुलाब म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर आणतो, ते हायब्रीड टीचंच असतं.

पण ला फ्रान्स गुलाबी होता. सगळ्यांना हवा होता लाल. त्यातही केशरी झाक असलेला भडक लाल नको, तर खोल, मखमली, किरमिजी लाल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे काही हायब्रीड टी आले. 1919 सालचा एत्वाल द ओलांद हा डच गुलाब तर बागांचा लाडका झाला. तरीही रंग, वास, भरगच्चपणा आणि फुलत राहण्याची ताकद हे सगळं एकाच झाडात आणण्याचं काम बाकी होतं.

एका फुलामागे हजारो रोपं फेकली जातात

कॉर्डेस जर्मनीत परतला. वडिलांनी 1918 सालीच नर्सरी एल्म्सहॉर्नजवळच्या श्पारिसहोप या खेड्यात हलवली होती. विल्हेम आणि त्याचा धाकटा भाऊ हर्मन यांनी मिळून धंदा हातात घेतला. हर्मनने व्यवहार सांभाळायचा आणि विल्हेमने नवे गुलाब तयार करायचे, अशी वाटणी झाली. कंपनीचं नावच पडलं विल्हेम कॉर्डेसचे मुलगे.

नवा गुलाब तयार करायचा म्हणजे काय करायचं? आई म्हणून निवडलेल्या झाडाची कळी उमलण्याआधीच उघडायची आणि तिचे पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे तिचं स्वतःचं परागण होत नाही. मग बाप म्हणून निवडलेल्या झाडाचे परागकण ब्रशने त्यावर लावायचे आणि चिठ्ठी बांधायची. काही महिन्यांनी देठावर बोराएवढं फळ पिकतं. त्यातलं बी काढायचं, थंडीत ठेवायचं आणि पेरायचं. उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, जशी एकाच घरातली भावंडं वेगळी असतात.

त्यातली बहुतेक रोपं पहिलं फूल दिसताच फेकली जातात. जी उरतात त्यांचे डोळे काढून दुसऱ्या दणकट गुलाबाच्या खुंटावर भरले जातात आणि मग काही वर्षं नुसतं निरीक्षण चालतं. पावसात फूल सडतं का? थंडीत फांद्या मरतात का? दुसरा बहर किती दिवसांनी येतो? एक गुलाब बाजारात यायला सात-आठ वर्षं सहज जातात. म्हणजे आज लावलेलं लग्न बरोबर होतं की चूक, हे कळेपर्यंत माणसाचं पाव करिअर संपलेलं असतं.

अशाच एका संकरातून तो गुलाब आला. आईच्या बाजूला कॉर्डेसच्याच कॅथरिन कॉर्डेस या गुलाबाचं एक बिननावाचं रोप होतं. बापाच्या बाजूला डब्ल्यू. ई. चॅप्लिन हा इंग्लिश गुलाब होता. जे निघालं त्याला नाव मिळालं क्रिमसन ग्लोरी, म्हणजे किरमिजी वैभव. साल होतं 1935. त्याच वर्षी नर्सरी सुरू करणारे वडील वारले.

क्रिमसन ग्लोरी बाजारात आला आणि गुलाबवाल्यांच्या दुनियेत खळबळ उडाली. रंग इतका खोल की पाकळीच्या घडीत काळसर सावली दिसावी. पोत मखमलीचा. पाकळ्या तिसाच्या आसपास, म्हणजे फूल भरगच्च पण उघडणारं. आणि वास असा की एका फुलाने खोली भरावी. 1936 साली इंग्लंडच्या नॅशनल रोझ सोसायटीने त्याला गोल्ड मेडल दिलं.

ज्या देशाने त्याला शत्रू म्हणून पाच वर्षं कोंडून ठेवलं, त्याच देशाने त्याच्या फुलाला गोल्ड मेडल दिलं. पुढे अमेरिकेत सुगंधासाठी गॅम्बल पुरस्कार सुरू झाला, तेव्हा 1961 साली तोही क्रिमसन ग्लोरीलाच मिळाला.

मग प्रॉब्लेम काय होता?

प्रॉब्लेम असा की प्रदर्शनात फूल बघितलं जातं आणि बागेत झाड बघावं लागतं.

लोकांनी क्रिमसन ग्लोरी बागेत लावला आणि हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. पहिली म्हणजे मान. फुलाच्या लगेच खालचा देठाचा भाग बारीक होता आणि वर भरगच्च फूल. साहजिकच फूल मान टाकायचं. वेलीसारखा वाढवला तर ते चालून जायचं, कारण फूल उंचावर असलं की खाली बघणारा चेहरा उलट छानच दिसतो. 1940च्या दशकात त्याचा वेलीसारखा वाढणारा प्रकार आलाही. पण कमरेएवढ्या झुडपावर फूल जमिनीकडे बघत असेल तर त्याचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट रंगाची. ताज्या फुलाचा रंग जबरदस्त, पण फूल जुनं व्हायला लागलं की जांभळट पडायचं. यामागचं कारण पाकळीच्या पेशीत आहे. किरमिजी गुलाबाचा रंग सायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो. पेशीतला रस आम्लधर्मी असतो तोवर ते लाल दिसतं. पाकळीचं वय झालं की आम्लता कमी होते आणि लालात निळी झाक येते. हा दोष बहुतेक सगळ्या किरमिजी गुलाबांत कमी-जास्त प्रमाणात असतो. म्हणूनच किरमिजी गुलाबाची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, चौथ्या दिवशी होते.

तिसरी गोष्ट म्हणजे भुरी. पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पिठासारखी बुरशी यायची. आणि झाडाची वाढ ताठ वर जाण्याऐवजी आडवी पसरायची.

थोडक्यात, फुलाला दहापैकी दहा आणि झाडाला काठावर पास.

तरीही लोकांनी हा गुलाब सोडला नाही, कारण त्याचा रंग आणि वास दुसरीकडे मिळत नव्हता. जगभरच्या संकर करणाऱ्यांनी ठरवलं की याचे गुण घ्यायचे आणि दोष दुसऱ्या झाडाकडून झाकायचे. इंग्लंडमध्ये हिऱ्यांच्या कामात असलेल्या अल्बर्ट नॉर्मन या हौशी माणसाने क्रिमसन ग्लोरीपासून एना हार्कनेस काढला. तो 1946 साली आला आणि तुफान गाजला. पण मान टाकायची सवय त्यानेही वारशात घेतली. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्सने क्रिमसन ग्लोरीपासून शार्लट आर्मस्ट्राँग काढला आणि त्याच घराण्यातून 1952 साली क्रायस्लर इम्पिरियल आला. त्याच्या आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी क्रिमसन ग्लोरीचं रक्त आहे.

आणि क्रायस्लर इम्पिरियलची मुलं कोण? पापा मेयाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा. गंमत म्हणजे या तिघांचे आई-बाप अगदी एकच आहेत, फक्त रोपं वेगवेगळी. यातली पापा मेयाँ आणि मिस्टर लिंकन ही नावं पुण्या-मुंबईच्या गुलाबवेड्यांना पाठ असतात. म्हणजे आपल्याकडच्या गच्चीवर वास मारणारा गडद लाल गुलाब असेल, तर त्याचा पणजोबा श्पारिसहोपच्या शेतातला असण्याची दाट शक्यता आहे.

दोष सापडल्यावर कॉर्डेसने काय केलं?

एकदा हिट मिळाला की तोच फॉर्म्युला पुन्हा पुन्हा वापरायचा, हा कुठल्याही धंद्यातला सोपा मार्ग. कॉर्डेस दुसऱ्या वाटेनेही निघाला. क्रिमसन ग्लोरी त्याने पुढच्या संकरात वापरलाच. त्यातून आलेल्या एका गुलाबाचं जर्मन नाव झोंडरमेल्डुंग, बाहेरच्या देशांत त्याला इंडिपेंडन्स म्हणतात. किरमिजीऐवजी शेंदरी लाल रंग देणारं वेगळं रंगद्रव्य मोठ्या फुलांत आणण्यात या गुलाबाचा मोठा वाटा होता. हे द्रव्य निळं पडत नाही. पुढे भारतातही लोकप्रिय झालेला क्रिश्चन डिओर हा लाल गुलाब याच इंडिपेंडन्सच्या वंशातला.

पण कॉर्डेसला एक गोष्ट कळून चुकली होती. बागेतले गुलाब पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं लावून नाजूक झाले होते. ताकद आणायची असेल तर घराबाहेरची सोयरीक बघावी लागणार होती, म्हणजे जंगली गुलाबांशी.

त्याने युरोपातल्या काटेरी, थंडीला न घाबरणाऱ्या रानगुलाबाचा हायब्रीड टीशी संकर केला. 1937 साली त्यातून फ्र्यूलिंग्सगोल्ड आला, म्हणजे वसंतातलं सोनं. माणसापेक्षा उंच वाढणारं, फिकट पिवळ्या फुलांनी लगडणारं दणकट झुडूप. त्रुटी एकच, बहर मुख्यतः वर्षातून एकदाच.

आणि मग एक अजब गोष्ट घडली.

कॉर्डेसकडे मॅक्स ग्राफ नावाचा एक जमिनीवर पसरणारा अमेरिकन गुलाब होता. एकदम काटक आणि निरोगी, पण जवळपास वांझ. दोन वेगळ्या रानजातींच्या संकरातून तो आला होता, त्यामुळे त्याला बी धरायचंच नाही. कॉर्डेस वर्षानुवर्षं वाट बघत राहिला. शेवटी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोजक्या बिया मिळाल्या आणि त्यातून एक रोप असं निघालं की त्याच्या पेशींत गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली होती. मॅक्स ग्राफमध्ये 14, या रोपात 28.

याचा फायदा काय? बहुतेक हायब्रीड टी गुलाबांतही 28च गुणसूत्रं असतात. म्हणजे आतापर्यंत वांझ असलेली ती रानटी ताकद आता बागेतल्या गुलाबांशी थेट जुळवता येणार होती. वनस्पतीशास्त्रज्ञांनी या रोपाला नव्या जातीचं नाव दिलं, रोझा कॉर्डेसी.

एकीकडे युद्ध सुरू होतं. अन्न पिकवणं आधी, फुलं नंतर, अशी परिस्थिती होती. एका माणसाच्या आयुष्यात दुसऱ्यांदा युद्धाने काम अडवलं होतं. पण रोप वाचलं. 1950च्या दशकात त्याच्या वंशातून हॅम्बुर्गर फिनिक्स, लेव्हरकुझेन, डॉर्टमुंड आणि पार्कडिरेक्टर रिगर्स असे वेलीसारखे वाढणारे दणकट गुलाब आले. नंतर कॅनडातल्या सरकारी संशोधकांनी हेच रक्त वापरून तिथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत टिकणारे गुलाब तयार केले.

गुलाबाची परीक्षा घ्यायची पद्धतच बदलली

युद्धानंतर कॉर्डेसने आणखी एक काम केलं, जे सामान्य माणसाच्या जास्त उपयोगाचं आहे. नवे गुलाब बाजारात येतात, कॅटलॉगमध्ये देखणे फोटो असतात, ग्राहक पैसे मोजतो आणि दोन वर्षांत झाड मरतं. नर्सरीवाला स्वतःच्या गुलाबाला वाईट कसं म्हणेल? म्हणून जर्मनीत नव्या गुलाबांची तटस्थ चाचणी सुरू करण्यात त्याने पुढाकार घेतला. 1950पासून ही एडीआर नावाची चाचणी चालते. देशातल्या वेगवेगळ्या हवामानाच्या बागांत गुलाब लावायचे, काही वर्षं बघायचं आणि मग मार्क द्यायचे. एका दिवसाच्या प्रदर्शनावर निकाल नाही. पुढच्या काळात तर या चाचणीत औषध फवारायलाच बंदी आली. जो स्वतःच्या ताकदीवर जगेल, तोच पास.

म्हणजे ज्याला इंग्लंडच्या गोल्ड मेडलने नाव मिळवून दिलं, त्यानेच नुसत्या फुलाच्या सौंदर्यावर न थांबणारी परीक्षा उभी करायला हातभार लावला. या परीक्षेत त्याचा स्वतःचा क्रिमसन ग्लोरी भुरीमुळे अडखळला असता.

1955च्या सुमारास त्याने नव्या जाती काढण्याचं काम मुलगा रायमरकडे सोपवलं. रायमरने 1958 साली आणलेला पांढरा आइसबर्ग आज जगातल्या सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या गुलाबांपैकी एक आहे. नंतर तर कंपनीने आपल्या चाचणीच्या शेतात बुरशीनाशक मारणंच बंद केलं. सुरुवातीला शेतं अक्षरशः रोगट दिसायची, पण त्यातून जे उरले ते खरे निरोगी गुलाब ठरले. हे बघायला विल्हेम कॉर्डेस नव्हता. 1976 साली, वयाच्या 85व्या वर्षी तो गेला. नर्सरी आजही श्पारिसहोपमध्ये कॉर्डेस घराण्याकडेच आहे.

मग आपण किरमिजी गुलाब निवडताना काय बघायचं?

कॉर्डेसच्या आयुष्याने याचं उत्तर देऊन ठेवलंय. नर्सरीत गेलात तर फुलाकडे बघाच, पण तिथेच थांबू नका.

पूर्ण उमललेलं फूल बघा आणि त्याच्या खालचा देठ हलकेच वाकवून बघा. मान ताठ आहे का? झाडावरचं सगळ्यात जुनं फूल शोधा. ते लालच आहे की जांभळट पडलंय? वास सकाळी घ्या, दुपारच्या उन्हात तो उडून जातो. मग पानं उलटून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात काळे ठिपके आणि हिवाळ्यात भुरी हे दोन मुख्य शत्रू, त्यामुळे या दोन्ही दिवसांत झाड कसं होतं हे नर्सरीवाल्याला विचारा. शेवटी बुडख्याकडे बघा. नवे दमदार फुटवे येतायत का, आणि खुंटावर भरलेला डोळा नीट धरलाय का?

आणि हे सगळे गुण एका झाडात सापडले नाहीत, तर कुठला दोष चालेल ते आधी ठरवा. वास हवा असेल तर थोडी झुकलेली मान आणि भुरीवर लक्ष ठेवण्याची मेहनत मान्य करावी लागेल. मेहनतीला वेळ नसेल तर वासाची अपेक्षा थोडी कमी ठेवावी लागेल.

क्रिमसन ग्लोरी जगातल्या काही जुन्या बागांत आजही फुलतो. मान टाकतो, चौथ्या दिवशी जांभळा पडतो, पानांवर भुरी येते. तरी माळी तो उपटून टाकत नाहीत, कारण सकाळी त्याच्याजवळून गेलं की पाय थांबतात.